जुनी सोलापुरी चादर पोतेऱ्यात घालू नका, तिचं भरतकामाचं हँगिंग ऑर्गनायझर शिवा

आमच्या घरात शिलाईला वेगळी खोली नाहीये, मागच्या खोलीत खिडकीजवळ मशीन आणि शेजारी एक लोखंडी कपाट एवढीच माझी जागा, आणि सामान मात्र रिळं, अँकरच्या दोऱ्याच्या लडी, भरतकामाच्या रिंगा, मणी, टिकल्या, लेसचे तुकडे, चार प्रकारच्या कात्र्या, असं वाढतच चाललेलं. सगळं बिस्किटांच्या डब्यात आणि कॅरीबॅगेत भरलेलं असायचं आणि एक बॉबिन शोधायला तीन डबे उपसायला लागायचे. म्हणून मग भिंतीवर टांगता येईल असं कप्प्यांचं ऑर्गनायझर शिवलं, आधी एक मग मैत्रिणींसाठी अजून दोन, आणि आता मापं अगदी पक्की बसलीत म्हणून सविस्तर लिहिते. साधी सरळ टीप मारता येत असेल तर जमतंच.

पाठीला मी जुनी सोलापुरी चादर घेते. आपल्याकडे प्रत्येक घरात एखादी तरी असतेच, मधे विरलेली, काठाला धडधाकट. ह्या चादरीची वीण जकार्डची आणि दुहेरी असते, म्हणून तर उलट्या बाजूला तेच डिझाईन रंग अदलाबदल होऊन दिसतं, आणि त्यामुळेच ती एवढी भरीव असते की सामान भरलं तरी कापड लोंबत नाही, आत बुकरम म्हणजे ते कडक अस्तर घालायची गरज पडत नाही. फक्त कापायच्या आधी चादर उजेडासमोर धरा, जिथून उजेड जास्त येतो तो भाग विरलेला, तो सोडायचा. माझ्या एका सिंगल चादरीतून विरलेला मधला पट्टा सोडून दोन पाठी आरामात निघाल्या.

चादर नसेल तर युनिफॉर्मचं गॅबर्डीन पण चालतं. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने इतके आहेत की कटिंगमधले मोठे तुकडे ओळखीत कुणाकडे ना कुणाकडे मिळतातच, नेव्ही ब्लू किंवा खाकी, मळ दिसत नाही. पण ते दुहेरी घ्या, मधे बुकरम घाला, एकेरी गॅबर्डीन दोन महिन्यात पोट काढतं.

पाठीचा तुकडा 20 इंच रुंद आणि 37 इंच लांब लागतो. तयार झाल्यावर लांबी 32 भरते, वरचे 3 इंच आणि खालचे 2 इंच दांडी घालायला दुमडले जातात. लांबी चादरीच्या उभ्या धाग्यात घ्या. आणि ही चादर कात्री लावली की लगेच सुटायला लागते, दोरे एकामागोमाग निघत राहतात, त्यामुळे मी आधी खडूने रेघ मारते, रेघेच्या दोन्ही बाजूला पाव पाव इंचावर बारीक टीप मारते आणि मग मधून कापते. पाच मिनिटं जास्त जातात पण नंतर कापड हातात राहतं.

आता कापण्याच्या आधीचं काम, जे बऱ्याच जणी करत नाहीत. तुमचं सगळं सामान जमिनीवर सतरंजी टाकून पसरा. कशाची किती गर्दी आहे ते बघा. कुणाकडे रिळं जास्त, कुणाकडे क्रोशाच्या सुया आणि लोकर जास्त. माझी मोठी कात्री 10 इंचाची आहे आणि सगळ्यात मोठी रिंग 8 इंचाची, म्हणून मी खालची रांग 9 इंच खोल ठेवली. तुमची रिंग 10 ची असेल तर ती रांग 11 ची करा आणि पाठ 2 इंच लांब घ्या. दुसऱ्याचं माप उचलून शिवलं की नेमकी रोजची वस्तू बाहेर राहते.

माझ्या मापात तीन रांगा आहेत. वरची 6 इंच खोल, त्यात 5-5 इंचाचे चार कप्पे, रिळं, बॉबिन, बटणं, टाचण्या. मधली 7 इंच खोल, त्यात एक 4 इंचाचा उभा कप्पा पेन-खडू-कात्रीला आणि दोन 8 इंचाचे लडींना. खालची 9 इंच, 10-10 चे दोन कप्पे, रिंगा, ट्रेसिंग पेपर, डिझाईनची पुस्तकं. आता कप्पा सपाट शिवला तर त्यात काही मावत नाही, फुगायला जागा पाहिजे, म्हणून प्रत्येक कप्प्याला 2 इंच जास्त कापड धरायचं. चार कप्पे म्हणजे 8 इंच जास्त, 28 झाले. तीन कप्प्यांच्या रांगेला 26, दोनच्या रांगेला 24. उंचीला वर अर्धा खाली अर्धा इंच शिलाईचा. म्हणजे पट्ट्या होतात 28 बाय 7, 26 बाय 8 आणि 24 बाय 10. ह्याच मापाचं अस्तर पण.

पट्ट्यांना मांजरपाट घ्या किंवा हातमागाचं साधं सुती, एका रंगाचं. चादरीत आधीच मोर-फुलं-नक्षी भरपूर असते, त्यावर छापील कापडाचे कप्पे लावले तर भरतकाम कुठे दिसणारच नाही. मांजरपाटाला खळ असते आणि ते आटतं, तेव्हा सव्वा मीटर आणून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी चोळून धुवा, वाळवा, इस्त्री करा. अस्तराला जुना शर्ट, ओढणी काहीही चालेल, पण अस्तर घालाच. भरतकामाच्या मागच्या बाजूला दोरे पसरलेले असतात, त्यात क्रोशाची सुई नाहीतर कात्रीचं टोक अडकलं की ओढलं जाऊन पुढचं फूल चुणीत जातं.

आता महत्त्वाचं. भरतकाम आधी, कापणं नंतर. मी पहिल्या वेळी उलटं केलं होतं. कप्पे आधी शिवून टाकले आणि म्हटलं आता निवांत बसून एकेक कप्प्यावर भरू. कप्पा शिवल्यावर त्यात रिंग बसत नाही, हात आत जेमतेम जातो, आणि दोन कप्प्यांवर मी सुई पाठीच्या चादरीतून आरपार काढली होती ते शेवटी कळलं, कप्पा उघडेचना. तीन संध्याकाळचं काम उसवायला लागलं आणि चादरीत सुईची भोकं राहिली ती राहिलीच. दुसरं म्हणजे भरतकामाने कापड थोडं आत ओढलं जातं, माप काटेकोर कापून मग भरलंत तर पट्टी पाव-अर्धा इंच कमी भरते आणि मग कप्प्यांच्या रेघा जुळत नाहीत. म्हणून पट्टीच्या चारी बाजूला 2-2 इंच जास्तीचं कापड ठेवून तुकडा घ्या, म्हणजे 28 बाय 7 साठी 32 बाय 11, त्यावर पेन्सिलीने फिक्कट आखा, भरा, इस्त्री करा, परत मोजा आणि मग खऱ्या मापात कापा.

आखताना कप्प्यांचे भाग पाडा. वरच्या पट्टीत 7-7 इंचाचे चार भाग, 5 चा कप्पा आणि 2 चुण्यांचे. मधल्या पट्टीत 6, 10 आणि 10. खालच्या पट्टीत 12 आणि 12. प्रत्येक भागाच्या दोन्ही कडेचा एकेक इंच चुणीत जाणार, तिथे टाका घालायचा नाही. आणि खालच्या कडेपासून दीड इंच, वरच्या कडेपासून एक इंच मोकळं सोडा. राहिलेल्या मधल्या जागेत डिझाईन.

डिझाईन उतरवायला पिवळा कार्बन सोपा. एकच डिझाईन खूप वेळा काढायचं असेल तर जुनी खाक्याची पद्धत चांगली, ट्रेसिंग पेपरवर चित्र काढून रेघेवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची, कागद कापडावर घट्ट टाचायचा आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने वरून फिरवायचं. बोळा नुसता ओलसर पाहिजे, निथळणारा नको. वास दिवसभरात जातो, पण गॅसपासून लांब करा.

दोरा भरायला घ्यायच्या आधी रंग तपासा, विशेषतः लाल, मरून, काळा. माझा एक मरून दोरा सुट्टा घेतलेला होता, धुतल्यावर पांढऱ्या मांजरपाटावर गुलाबी ढग उमटला आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. तेव्हापासून वीतभर दोरा कोमट पाण्यात भिजवते, पांढऱ्या फडक्यात दाबून धरते, फडक्याला रंग लागला तर तो दोरा ह्या कामाला नाही. अँकरची लडी 8 मीटरची असते आणि त्यात 6 पदर, बारीक कामाला 2 पदर, जाड रेघेला 3. पदर एकेक करून सोडवा आणि मग एकत्र ओवा, एकदम ओढलं की गुंता होतो. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की घासून फिसकटतो.

डिझाईन काय काढायचं ते तुमची आवड, पण कप्प्याच्या आकाराला शोभेल असं घ्या. माझ्या त्या 4 इंची उभ्या कप्प्यावर मी नंदीध्वज काढला, म्हणजे मिरवणुकीतली ती उंच सजवलेली काठी, कारण त्या अरुंद उंच जागेत दुसरं काही एवढं छान बसत नाही. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत सातही नंदीध्वज निघतात ते लहानपणापासून बघितलेले, बाराबंदी घातलेली माणसं, वरती तो बाशिंगाचा सजवलेला भाग, खाली हार. काठीला देठाचा टाका 3 पदरी दोन ओळी चिकटून, बाशिंगाला सॅटीन टाका, हारांना लेझी डेझी, आणि टोकाला दोनच टिकल्या. टिकल्या जास्त लावू नका, सामान काढता घालताना हाताला टोचतात आणि निघून येतात.

लडींच्या दोन मोठ्या कप्प्यांवर ज्वारीची कणसं. आपल्या मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातली ज्वारी, ती गाठीच्या टाक्यात जशी दिसते तशी कशातच नाही. हे नीट सांगते कारण गाठीचा टाका बऱ्याच जणींचा सैल पडतो. सुई खालून वर काढा, डाव्या हाताने दोरा सुईपासून बोटभर अंतरावर ताणून धरा, सुईला दोन वेढे द्या, आता सुई जिथून वर आली त्याच भोकात नाही, त्याच्या एका धाग्याइतकं शेजारी टोचा, त्याच भोकात घातली तर गाठ खाली निघून जाते. टोचल्यावर वेढे ओढून कापडाला टेकवा आणि डाव्या हातातला दोरा शेवटपर्यंत सोडू नका, सुई पूर्ण खाली जाईपर्यंत. दाणा टपोरा उभा राहतो. कणसाच्या मधे गाठी दाटीने, कडेला थोड्या सुट्या, आणि एकच रंग न घेता मोती रंग, फिक्कट पिवळा आणि मधूनच एखादा हिरवट दाणा असं घ्या. एका कणसाला मला 70-80 गाठी लागल्या. शेजारच्या अक्का गच्चीत पापड वाळत घालायला आल्या की रोज विचारायच्या, "काय करलालीस गं, अजून तेच कणीस का?" आणि मग एक दिवस स्वतःच बसल्या आणि एक कणीस पूर्ण करून दिलं, त्यांचे दाणे माझ्यापेक्षा एकसारखे आलेत, ते अजून त्या कप्प्यावर आहे.

खालच्या रांगेला कसुतीची, म्हणजे कर्नाटकातल्या पारंपरिक भरतकामाची पट्टी केली. विजापूर आपल्याला जवळ, इरकल-खणाबरोबर कसुती पण आपल्याकडे डोळ्याखालची. पण कसुती छापून भरत नाहीत, धागे मोजून भरतात, गाठ मारत नाहीत आणि गवंतीचा म्हणजे दुहेरी धावदोऱ्याचा टाका पाठपोट सारखा दिसला पाहिजे. मांजरपाटावर धागे मोजता मोजता डोळे जातील, म्हणून मॅटीची, म्हणजे धागे सहज मोजता येतात अशा जाड विणीच्या कापडाची, 3 इंच रुंद पट्टी घेतली, त्यावर गोपुर आणि तुळशी वृंदावन ओळीने, आणि कडा अर्धा अर्धा इंच दुमडून ती मांजरपाटाच्या पट्टीवर वरच्या बाजूला बारीक टीप मारून बसवली. गवंतीत जाताना एक सोडून एक घर भरायचं आणि परत येताना राहिलेली घरं, एवढं लक्षात ठेवलं की बाकी हात आपोआप शिकतो. नवीन असाल तर वृंदावनापासून सुरू करा, गोपुराच्या पायऱ्या मोजायला चुकतात.

वरच्या चार छोट्या कप्प्यांवर साधं ठेवा, एकावर रीळ, एकावर बटण, एकावर टाचणी असं साखळी टाक्यात, म्हणजे आत काय आहे ते न उघडता कळतं.

भरून झालं की इस्त्री. समोरून कधीच नाही, गाठी चपट्या होतात. जाड सोलापुरी टर्किश टॉवेल दुहेरी घालायचा, भरतकाम त्यावर पालथं ठेवायचं आणि मागून पाणी शिंपडून दाबायचं, घासायचं नाही. टाके टॉवेलच्या लूपमधे रुततात आणि वर उठून दिसतात.

मग परत मोजून खऱ्या मापात कापा. पट्टी आणि अस्तर सुलट बाजू आत अशा ठेवून फक्त वरची कड अर्ध्या इंचावर शिवा, उलटवा, इस्त्री करा आणि वरून पाव इंचावर अजून एक टीप द्या. हे कप्प्याचं तोंड, रोज हात लागणार, म्हणून ही दुसरी टीप सोडू नका. खालची कड दोन्ही कापडं मिळून अर्धा इंच आत दुमडून इस्त्रीने बसवा.

चादरीवर खडूने तीन आडव्या रेघा मारा, कापलेल्या वरच्या कडेपासून 14, साडेबावीस आणि 33 इंचावर. ह्या कप्प्यांच्या तळाच्या रेघा. मग उभ्या, पहिल्या रांगेला 5-10-15 वर, दुसरीला 4 आणि 12 वर, तिसरीला 10 वर. मशीनला 16 नंबरची सुई लावा, टाका थोडा मोठा ठेवा. पट्टीचा तळ रेघेवर ठेवून दोन्ही कडा चादरीच्या कडांना कच्च्या टाक्याने अडकवा, मग पट्टीवरची 7 इंचाची खूण चादरीवरच्या 5 च्या खुणेवर आणून उभी टीप, खालून वर तोंडाकडे. तोंडाशी पोचलात की चार टाके मागे, चार पुढे, परत मागे. कप्पे उसवतात ते इथूनच. सगळ्या उभ्या टिपा झाल्या की प्रत्येक कप्प्यात मधे कापड फुगलेलं दिसेल, ते तळाशी दोन्ही बाजूला अर्धा अर्धा इंच खोल चुणी घालून टाचा, चुणीची घडी उभ्या टिपेकडे तोंड करून, आणि तळाला दोन टिपा जवळजवळ मारा. चुणी जिथे येते तिथे चार-पाच थर होतात, तिथे पायाने मशीन पळवू नका, चाक हाताने फिरवा, नाहीतर सुई मोडते. कात्रीच्या कप्प्यात तळ शिवायच्या आधी रेक्झिनचा छोटा तुकडा आत टाका आणि तळाच्या टिपेतच पकडा, टोक कापडातून बाहेर येत नाही.

मण्यांसाठी पारदर्शक कप्पा हवा असेल तर डायनिंग टेबलावर घालतो ती प्लास्टिक शीट चालते. तिला टाचणी टोचू नका, भोक कायम राहतं, कपड्यांचे चिमटे लावा. मशीनचा पाय चिकटत असेल तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा.

दोन्ही उभ्या कडांना अडीच इंच रुंदीची गोट पट्टी लावा, कडा सरळ आहेत म्हणून तिरकस पट्टीची गरज नाही. गोट लावतानाच वरच्या बाजूला एक-दोन नाड्यांचे लूप आत पकडा, मेजर टेप आणि छोटी कात्री अडकवायला. शेवटी वरचे 3 इंच मागे दुमडून एक टीप, खालचे 2 इंच मागे दुमडून एक टीप, दुहेरी दुमडू नका, चादर फार जाड होते, कड झिगझॅग केली की पुरे. वर पडद्याचा जाड रॉड, खाली बारीक बांबूची काठी, काठीमुळे खालची बाजू आत वळत नाही.

भिंतीत नुसता खिळा ठोकू नका. भरल्यावर हे चांगलंच जड होतं, ड्रिल मारून भोकात स्क्रूची प्लास्टिकची गिट्टी बसवा आणि दोन्ही टोकांना हुक लावा. जागा निवडताना ऊन कुठून येतं ते बघा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पश्चिमेच्या खिडकीतून जे ऊन येतं त्यात दोऱ्याचा रंग एका उन्हाळ्यात उडतो आणि प्लास्टिकचा कप्पा मऊ पडून आतल्या वस्तूंना चिकटतो. माझं आता उत्तरेच्या भिंतीवर आहे, मशीनवर बसल्या बसल्या डावा हात पोचेल एवढ्या उंचीवर. घरात लहान मूल असेल तर सुया-कात्री वरच्या रांगेत, लोकर-लेस खाली.

धुवायचं वर्षातून एकदाच, गार पाण्यात, हाताने, न पिळता, आणि सावलीत उलटं वाळवायचं. पण पाण्यात घालायच्या आधी सगळे कप्पे उलटे करून झटका आणि प्रत्येक कप्प्यावरून बाहेरून लोहचुंबक फिरवा. चुण्यांच्या घडीत टाचण्या जाऊन बसतात, मागच्या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या चुंबकाला सहा लागल्या, आणि एक नऊ नंबरची सुई.